सातवीचा क्षेत्रफळाचा तास: चॅटबॉट की नोटबुकएलएम?

सूत्र आधी फळ्यावर न लिहिता मुलांनीच शोधून काढावं असा तास घ्यायचाय, आणि तयारीला हाताशी रात्रीचा तासभर. अशा वेळी चॅटजीपीटी किंवा जेमिनीला विचारावं, की नोटबुकएलएममध्ये, म्हणजे आपण दिलेल्या फाइलींवरून उत्तरं देणाऱ्या गुगलच्या साधनात, पाठ्यपुस्तक टाकावं? एकच निवडायचं तर चॅटबॉट घ्या, पण त्याला मोकळा सोडू नका.

'शोधाधारित पाठ तयार कर' एवढंच लिहिलंत तर कुठल्याशा बागेची लांबी-रुंदी येते आणि पाचव्या मिनिटाला सूत्र. त्यापेक्षा मराठी व्हॉइस टायपिंगने असं सांगा: 'इयत्ता सातवी, ३० मुलं, ४० मिनिटं. साहित्य फक्त सुतळी, रेषा आखायची फक्की, मोजपट्टी. सूत्र आणि उत्तर देऊ नकोस. कपाशीच्या लागवडीवर एकच मुख्य प्रश्न दे. मुलं कोणत्या तीन चुका करतील आणि प्रत्येक चुकीवर शिक्षकाने काय विचारावं तेही लिही.' शेवटची ओळ गाळू नका, खरा उपयोग तिथेच आहे.

यातून निघण्याजोगा प्रश्न: मैदानावर २४ × १२ फुटांचा तुकडा आखा. कपाशीची टोबणी (बी टोचून लावणं) ३ × २ फुटांवर केली तर झाडं किती, आणि ४ × दीडवर केली तर किती? दोन्ही अंतरांत एका झाडाला ६ चौरस फूट जागा, म्हणून २८८ भागिले ६, झाडं ४८. चॅटबॉट इथेच थांबण्याचा संभव जास्त. मुलं मात्र कडेच्या रेषेपासून खुणा करत सुटतात आणि मोजतात ६३: पहिल्या अंतराने ९ ओळींत ७-७, दुसऱ्याने ७ ओळींत ९-९. मग वाद होतो, तो होऊ द्या. अगदी धुऱ्यावर (बांधावर) पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, कोणी लावत नाही, हे कुणीतरी बोलतंच. कडेपासून अर्धं अंतर सोडून पुन्हा खुणा केल्या की ४८ जुळतात. एकरावर नेताना आकडे स्वतः तपासा: गुंठा ३३ × ३३, म्हणजे १०८९ चौरस फूट, ४० गुंठ्यांचे ४३,५६०, झाडं ७२६०.

असा प्रश्न नोटबुकएलएमकडून क्वचितच निघतो, कारण ते तुम्ही दिलेल्या मजकुराला धरून चालतं. पण तोच त्याचा गुणही. बालभारतीची पीडीएफ टाकून 'क्षेत्रफळाआधी परिमितीचं काय झालंय?' विचारलं तर उत्तरासोबत क्रमांक येतात. त्यावर बोट ठेवलं की मूळ उतारा दिसतो. चॅटबॉटच्या मराठीत हिंदी घुसते, परिमितीचं 'परिमाप' होतं, काटकोनाचा 'समकोण'. तेही इथे पुस्तकाशी ताडून घेता येतं. फक्त आधी 'या प्रकरणातलं पहिलं उदाहरण जसंच्या तसं लिही' म्हणून बघा. जोडाक्षरं तुटलेली आली तर ती फाइल नीट वाचली गेलेली नाही. पुढच्या उत्तरांवर विसंबू नका.

खर्चाचं म्हणाल तर दोन्ही फुकटात चालतात, मर्यादा असतात. मुलांची नावं कुठेच टाकू नका. आणि तासाला नेटच्या भरवशावर उभे राहू नका: मुख्य प्रश्न आणि तीन चुकांवर विचारायचे प्रश्न वहीत उतरवून घ्या, बाकीचा दोन पानी आराखडा वर्गात कोणी उघडत नाही.