गळका कॅराव्हॅन ट्रेलर: बाहेरून सील करावा, आतून उघडावा की भिंतच नव्याने बांधावी?

वापरलेला कॅराव्हॅन ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचे चाकांवरचे घर, पाहायला गेलेल्या माणसाला विक्रेता एक वाक्य हमखास ऐकवतो: "कोपऱ्यातून थोडं पाणी येतं, सिलिकॉन मारलं की झालं." या वाक्याचा पूर्वार्ध बहुधा खरा असतो, उत्तरार्ध क्वचितच. पाणी आत येणे थांबवणे आणि आधीच आलेल्या पाण्याने खराब झालेली भिंत दुरुस्त करणे ही दोन वेगळी कामे आहेत. त्यांचे कारागीर वेगळे, हंगाम वेगळा आणि खर्चही वेगळा. पहिले काम दोन-तीन रविवारांत उरकते. दुसऱ्याला किती दिवस लागतील, हे भिंत उघडल्याशिवाय कोणालाच सांगता येत नाही.

निवड करणाऱ्यापुढे तीन मार्ग असतात: केवळ बाहेरून सील करून ट्रेलर वापरणे, आतील प्लाय काढून कुजलेला भाग तेवढा बदलणे, किंवा ती भिंत, प्रसंगी छतासह, नव्याने उभी करणे. ट्रेलर न घेणे हा चौथा मार्गही तितकाच सन्मानाचा आहे, पण त्याच्यासाठी आढाव्याची गरज नाही.

आधी भिंत कोणत्या जातीची आहे ते ओळखावे

एका प्रकारात बारीक लाकडी पट्ट्यांचा सांगाडा, त्यावर बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा, मध्ये थर्माकोल किंवा ग्लासवूल आणि आतून तीन-चार मिलिमीटरची प्लाय असते. दुसऱ्या प्रकारात बाहेर सलग फायबरची शीट, तिच्या मागे पातळ प्लाय, मध्ये फोम आणि आत पुन्हा प्लाय असे सारे थर गोंदाने एकजीव केलेले असतात. पहिल्या प्रकाराला सांधे जास्त, म्हणून तो लवकर गळतो; परंतु पत्रा आणि प्लाय सुटी करता येत असल्यामुळे त्याची दुरुस्ती साधा सुतारही करू शकतो. दुसरा प्रकार कमी गळतो, मात्र एकदा गळला की पाणी थरांमध्ये पसरते, गोंद सुटतो आणि शीटला फुगा येतो. असा फुगा समोरून दिसत नाही. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात भिंतीला डोळा लावून लांबवर पाहिले, तर तो स्पष्ट दिसतो, आणि त्यावर नाण्याने ठोकले, तर टणक आवाजाऐवजी पोकळ आवाज येतो.

मुंबईतला पाऊस हा येथे स्वतंत्र मुद्दा आहे. चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि नैऋत्येच्या वाऱ्यामुळे त्यातला बराचसा आडवा येतो. त्यामुळे छत शाबूत असूनही खिडकीची चौकट, दाराच्या बाजूची बीडिंग (सांधा झाकणारी पट्टी) किंवा मागच्या दिव्याचे भोक गळते. त्यात उन्हाची भर पडते. पाच मीटर लांबीचा ॲल्युमिनियमचा पत्रा तापमानात चाळीस अंशांचा फरक पडला की साडेचार मिलिमीटरच्या आसपास लांबतो. त्याच्यामागचे लाकूड एक मिलिमीटरही लांबत नाही. हा फरक दररोज सांध्यातल्या भरावाला सोसावा लागतो. म्हणूनच दगडासारखी घट्ट होणारी एपॉक्सी पुट्टी किंवा इमारतीच्या गच्चीवर वापरतात ते सिमेंटमिश्रित वॉटरप्रूफिंग येथे टिकत नाही. आपल्या सोसायटीचा वॉटरप्रूफिंगवाला कितीही भरवशाचा असला, तरी हे काम त्याचे नव्हे.

पहिला मार्ग, आणि आमची चूक

आमचा ट्रेलर मी आणि माझ्या मेहुण्यांनी मिळून घेतला. मुलुंडच्या आमच्या सोसायटीत तो उभा करायला जागा मिळणे शक्यच नव्हते, म्हणून कर्जतजवळच्या एका ओळखीच्यांच्या वाडीत तो ठेवला. मे महिन्यात आम्ही दोघांनी शिडी लावून सगळ्या सांध्यांवर, विशेषतः पुढच्या डाव्या कोपऱ्याच्या खालच्या सांध्यावर, सिलिकॉनच्या नळ्या रिकाम्या केल्या. पावसाळाभर आत पाण्याचा थेंब दिसला नाही. वास मात्र येत राहिला, बंद कपाटात ओली छत्री ठेवल्यावर येतो तसा, आणि तो आम्ही गाद्यांच्या माथी मारला.

दिवाळीनंतर त्या कोपऱ्यातले कपाट काढायला घेतले, तेव्हा पहिला स्क्रू पकड न घेता नुसताच फिरला आणि बोटांनी ओढताच बाहेर आला. मागची प्लाय पदरापदराने सुटत होती. तिच्या मागची लाकडी पट्टी पटाशी टेकवताच चहात बुडवलेल्या खारीसारखी विरघळली. भांडुपहून आणलेल्या सुतार मिस्त्रींनी वर बोट दाखवले आणि म्हणाले, "साहेब, भोक वर आहे, तुम्ही खाली बुजवलंत. पाण्याला बाहेर जायची वाट होती, तीच बंद केली." पाणी छताजवळच्या मार्कर लाइटच्या, म्हणजे ट्रेलरची कड दाखवणाऱ्या छोट्या दिव्याच्या, वायरीच्या भोकातून येत होते आणि भिंतीतून उतरून खालच्या सांध्यातून बाहेर पडत होते. आम्ही गळतीचे तोंड तसेच ठेवून निचऱ्याचे तोंड सील केले होते.

तरीही बाहेरून सील करण्याचा मार्ग वाईट नाही. लाकूड कोरडे असेल, गळती नुकतीच सुरू झालेली असेल आणि तिचा उगम नक्की सापडला असेल, तर तोच योग्य आहे. उगम शोधण्यासाठी पाण्याचा पाइप खालून वर न्यावा: आधी चाकाजवळचा भाग, मग खिडकीच्या खालची कड, मग वरची कड, शेवटी छत, आणि प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटे थांबून आत एका माणसाने पाहत बसावे. वरून सुरुवात केली, तर सारेच भिजते आणि काहीच कळत नाही. प्रेशर पंप मात्र वापरू नये. तो चांगल्या सांध्यातही पाणी घुसवतो.

जुने सिलिकॉन पूर्ण खरवडून काढावे लागते, कारण त्यावर दुसरे काहीही नीट चिकटत नाही, नवे सिलिकॉनसुद्धा नाही. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन वाळताना आम्ल सोडते आणि ते ॲल्युमिनियमला खाते, म्हणून ते येथे टाळावे. बीडिंग काढून तिच्याखाली ब्युटाइल टेप, म्हणजे मऊ, चिकट रबरी पट्टी, लावावी, स्टेनलेस स्टीलचे स्क्रू वापरून ती पुन्हा बसवावी आणि वरून पॉलियुरेथेन किंवा एमएस पॉलिमर या वाळूनही लवचीक राहणाऱ्या सीलंटची कड फिरवावी. स्क्रू, रबर पट्ट्या आणि हत्यारे नागदेवी स्ट्रीटवर एका फेरीत मिळतात. बीडिंग न काढता वरवर फिरवलेली सीलंटची रेघ एखादा पावसाळा काढते. बीडिंग काढून केलेले काम अनेक वर्षे टिकू शकते. मेहनतीत फरक दुपटीचा नव्हे, पाचपटीचा आहे, आणि पैसे देऊन करून घेतलेल्या कामात नेमकी हीच मेहनत वगळली जाते.

दुसरा मार्ग: कुजले तेवढे काढणे

बहुतेक जुन्या ट्रेलरांना हाच मार्ग लागतो. निर्णय घेण्यापूर्वी लाकडातला ओलावा टक्क्यांत दाखवणारा दोन पिनांचा मॉइश्चर मीटर हाताशी असावा, पण त्याचे आकडे मुंबईच्या हवेत समजून घ्यावे लागतात. जुलैमध्ये हवेत दमटपणाच इतका असतो की कोरड्या, निरोगी लाकडातही सोळा ते अठरा टक्के ओलावा दिसतो. फेब्रुवारीत तेच लाकूड दहा-बारा टक्क्यांवर येते. म्हणजे जुलैतला सतरा हा आकडा निर्दोष असू शकतो आणि फेब्रुवारीतला सतरा संशयास्पद. त्याच ट्रेलरमधील पलंगाची फळी किंवा मधले पार्टिशन यांसारखी नक्की कोरडी जागा आधी मोजावी आणि भिंतीचा आकडा तिच्याशी ताडून पाहावा. वीस टक्क्यांच्या वर सतत राहणारे लाकूड बुरशीच्या टप्प्यात असते. अठ्ठावीस-तीसच्या पुढे ते कुजायला लागलेले असते किंवा लागणार असते.

उघडल्यावर कुजलेले लाकूड दिसते तिथेच न थांबता पुढे आणखी वीतभर, निरोगी लाकूड लागेपर्यंत कापावे आणि नवी पट्टी जुन्या निरोगी पट्टीला बाजूने जोडावी. काम करताना नाकावर एन-९५ मास्क आणि हाताशी दुसरी माणसे असावीत; त्या भागातली वीज आधी बंद करावी. प्लाय आयएस ७१० शिक्क्याची, म्हणजे मरीन प्रतीची घ्यावी. आयएस ३०३ मधील एमआर प्रत ही दमटपणा सोसणारी आहे, पाणी सोसणारी नव्हे, हे दुकानदार आपणहून सांगत नाही. मरीन प्लायच्याही कापलेल्या कडांना एपॉक्सीचा हात द्यावा, कारण पाणी कडेतूनच शिरते.

येथे एका वेगळ्याच धोक्याकडे लक्ष वेधायला हवे. मुंबईतला सुतार घरातल्या किचन ट्रॉल्या आणि वॉर्डरोब करून तयार झालेला असतो आणि त्याचा हात आपोआप अठरा मिलिमीटरच्या प्लायकडे जातो. आठ बाय चारची अशी एक शीट तीस किलोंहून अधिक भरते. चार मिलिमीटरची शीट सात-आठ किलोंची असते. मजबुतीच्या नावाखाली तीन-चार शीट बसवल्या, की ट्रेलर एका बाजूला झुकतो, ॲक्सल आणि टायर यांवर भार वाढतो आणि घाटात ओढणाऱ्या गाडीला ते लगेच जाणवते. मूळ जाडी मोजून तेवढीच प्लाय लावण्याची अट कामाआधी घालावी. आमच्या मिस्त्रींना ही अट अपमानास्पद वाटली होती. ताणकाट्यावर जुन्या आणि नव्या प्लायचा एकेक तुकडा टांगून दाखवल्यावर ते हसले.

फायबरच्या भिंतीसाठी हा मार्ग अवघड आहे. फुगा लहान आणि आतला थर कोरडा असेल, तर बारीक भोके पाडून एपॉक्सी आत सोडता येते आणि ती वाळेपर्यंत भिंत फळ्यांच्या आधाराने दाबून ठेवता येते. या कामासाठी आपल्याकडे कारागीर आहेत: वेसाव्यापासून उरणपर्यंतच्या किनाऱ्यावर फायबरच्या होड्या दुरुस्त करणारे. त्यांचा हात सफाईदार असतो. मात्र ते सवयीने पॉलिएस्टर रेझिन वापरतात आणि त्यातले स्टायरिन थर्माकोलला विरघळवते. होडीत त्याने बिघडत नाही. ट्रेलरच्या भिंतीतला थर्माकोल मात्र गायब होऊन तिथे पोकळी उरते. भिंतीत थर्माकोल असेल, तर एपॉक्सीचाच आग्रह धरावा.

तिसरा मार्ग

पूर्ण भिंत बांधणे हे हौशी माणसाचे काम नाही. ते बस किंवा रुग्णवाहिकेची बॉडी बांधणाऱ्या फॅब्रिकेटरकडे न्यावे. लाकडाऐवजी ॲल्युमिनियमच्या चौकोनी नळ्यांचा सांगाडा आणि कॉम्पोझिट पॅनल वापरले, तर कुजण्याचा प्रश्न कायमचा मिटतो. परंतु कायद्याने ट्रेलर हेही मोटार वाहनच आहे आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये वाहनातील बदलांवर बंधने आहेत. त्यामुळे लांबी, रुंदी, उंची किंवा वजन बदलणार असेल, तर आधी आरटीओमध्ये विचारून घ्यावे. चॅसिस निरोगी, कागदपत्रे स्वच्छ आणि किंमत भंगाराच्या जवळपास असेल, तरच हा मार्ग परवडतो. अन्यथा नव्या बॉडीचा खर्च जुन्या नावावर करण्यात अर्थ नाही.

केव्हा पाहावा, केव्हा उघडावा

ट्रेलर पाहायला जुलै-ऑगस्टमध्ये जावे, शक्यतो दोन दिवस सलग पाऊस झाल्यानंतर. मार्च-एप्रिलमध्ये गळका ट्रेलर आणि न गळणारा ट्रेलर सारखेच दिसतात, आणि तेव्हा आतून नवा रंग किंवा वॉलपेपर लावलेला असेल, तर त्याला गुण न मानता लक्षण मानावे. दुरुस्ती मात्र पावसाळ्यात काढू नये, कारण त्या हवेत उघडलेले लाकूड वाळतच नाही. ऑक्टोबरचे ऊन ज्या कारणासाठी आपण शिव्या देतो, त्याच कारणासाठी ते येथे उपयोगी आहे. भिंत उघडावी, तीन-चार आठवडे पंखा लावून तशीच ठेवावी, आणि मीटरचा आकडा कोरड्या जागेच्या आकड्याला भिडल्यावरच बंद करावी. आम्हाला सर्वाधिक वेळ याच प्रतीक्षेला लागला. सुतारकाम अकरा दिवसांत संपले होते.

माझा कल सांगायचा तर असा: ॲल्युमिनियमचा ट्रेलर असेल, ओल एकाच कोपऱ्यात असेल आणि आतली दाराजवळची जमीन टाचेखाली दबत नसेल, तर किंमत उतरवून घ्यावा आणि दुसऱ्या मार्गाने जावे. फायबरच्या ट्रेलरला हातभर रुंदीपेक्षा मोठा फुगा असेल किंवा दोन भिंतींवर फुगे असतील, तर तो सोडून द्यावा. केवळ पहिल्या मार्गावर भागेल, असे विक्रेत्याचे म्हणणे असेल, तर त्याच्याकडे ओल दिसणाऱ्या जागेजवळचे चार स्क्रू काढून पाहण्याची परवानगी मागावी. स्क्रू घट्ट निघाले, त्यांच्या आट्या चकचकीत असल्या आणि भोकातून कोरडा भुसा आला, तर तो खरे बोलत आहे. स्क्रू गंजलेले किंवा काळे निघाले, तर दुसऱ्या मार्गाचा खर्च किमतीतून वजा करूनच बोलणी पुढे न्यावीत. परवानगीच नाकारली, तर त्या दिवशी परत यावे.

घेतल्यानंतर ट्रेलर उघड्यावर ठेवणार असाल, तर त्याच्यावर ताडपत्री थेट पांघरू नये; ती वाऱ्याने घासून कडा उघड्या पाडते आणि खाली वाफ धरते. आम्ही आता वाडीत बांबूंवर हातभर उंच पत्र्याची शेड केली आहे, आणि फेब्रुवारीत त्या कोपऱ्याचा आकडा अकरा आला.