५६००जी, आठ-आठच्या दोन रॅम आणि वॉरंटीची भानगड

रॅम बदलून मिळाली. पैसे परत नाही, रॅमच्या बदल्यात रॅम. म्हणून आज लिहायला बसलोय. नाहीतर २०२५ च्या जूनमध्ये पीसी असेंबल करून घेतल्यापासून लिहीन लिहीन म्हणत राहिलं ते राहिलंच होतं.

आधी सामान सांगून टाकतो. रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, ए५२० चा दोन स्लॉटवाला बोर्ड, आठ-आठ जीबीच्या ३२०० च्या दोन डीडीआर४ रॅम, ५१२ जीबीची एनव्हीएमई (डेटा साठवायची ड्राइव्ह), ४५० वॉटचा ब्राँझ एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा), साधं काळं कॅबिनेट. ग्राफिक्स कार्ड नाही, घ्यायचा विचारही नव्हता. मॉनिटर-कीबोर्ड जुनेच. सगळं मिळून ३०,००० च्या आत, पक्क्या बिलावर, सांगलीतच.

जुना चौथ्या पिढीचा आय३ अजून चालत होता. पण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपणार हे आधीच जाहीर होतं आणि विंडोज ११ च्या नियमात तो बसत नव्हता. मार्केट यार्डातल्या हळदीच्या काही अडत दुकानांचे हिशोब मी घरून बघतो. लोकांचे जीएसटीचे लॉगिन, बँकेचे उतारे, सगळं एका मशीनवर. त्याला सिक्युरिटी अपडेट येणार नाही म्हटल्यावर हात वर करून चालत नाही. वर चिरंजीव इंजिनिअरिंगला, त्याला कॅड हवं. कॅडच्या नावाखाली गेमही हवेत, ते वेगळं.

प्रोसेसरवर फार लिहीत नाही. सहा कोर, बारा थ्रेड, सोबत कुलर मिळतो, टॅली-एक्सेलला हा उरून पुरतो. २०२१ चा आहे, त्याच्या एएम४ सॉकेटला (प्रोसेसर बसतो ती बोर्डावरची जागा) आता पुढं रस्ता नाही, एएम५ च घ्या, असं सांगणारे भरपूर भेटले. एएम५ ला डीडीआर५ लागते, बोर्डही महाग. पाच वर्षांनी कदाचित प्रोसेसर बदलेन म्हणून आज खिसा हलका करायचा, हा हिशोब मला जमत नाही. आमच्या घरात पीसी बंद पडेपर्यंत वापरतात.

आता रॅम. हा अनुभव बराचसा रॅमचाच आहे, कंटाळा येणार असेल तर इथंच थांबा.

दुकानातला पोरगा म्हणाला, "काका, सोळाची एकच घ्या की. एक स्लॉट मोकळा राहतोय, पुढं वाढवायला बरं पडतंय." ऐकायला शहाणपणाचं वाटतं. बोर्डावर स्लॉट दोनच, म्हणजे आठ-आठ घातल्या की वाढवायची सोय संपली. पण चिरंजीव हटून बसला, दोनच पाहिजेत म्हणून. कारण असं की ५६००जी च्या पोटातल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते. ते सिस्टीमच्या रॅममधूनच आपला वाटा काढतं आणि चित्र रंगवताना सतत तिथंच ये-जा करतं. ३२०० ची एक स्टिक, म्हणजे रॅमची एक पट्टी, सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी डेटा देऊ शकते, दोन्ही चॅनेल भरले की ५१.२. कार्ड असलेल्या मशीनला हा फरक जेमतेम जाणवतो, बिनकार्डाच्या मशीनचा जीवच त्यात. दोन आठच्यांना एका सोळाच्यापेक्षा थोडेच जास्त पडत होते. दिले.

दुकानातून आणलं तेव्हा रॅम २६६६ वर चालत होती. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सच्या खाली मेमरीत 'स्पीड' लिहिलेलं असतं, तिथं दिसलं. बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी ही रॅमच्या वेगाची सोय चालू केल्याशिवाय स्टिकवर छापलेला आकडा बहुतेक वेळा मिळत नाही. हे दुकानदार करून देत नाहीत, आपणच बघायचं. पोरानं तिथंच बसून केलं, ३२०० झालं.

दिवाळीपर्यंत कसली तक्रार नाही. सावकाश कानावर यायला लागलं की रॅम महागली. आधी वाटलं नेहमीचंच, डॉलर वर गेला असेल. पण प्रकरण वेगळं होतं. जगातली बहुतेक डीरॅम (रॅममधल्या चिप) सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन अशा तीनच कंपन्या बनवतात, आणि एआयच्या सर्व्हरना लागणारी मेमरी जास्त नफ्याची म्हणून कारखाने तिकडं वळले. डीडीआर४ तर तशीही बंद करायच्या यादीत. डिसेंबरात मायक्रॉननं क्रुशियल या नावानं किरकोळ ग्राहकांना विकायचा धंदाच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. यार्डात आवक तुटली की हळदीचं जे होतं तेच हे. ज्याच्या गोदामात माल, तो राजा.

आणि नेमकी अशा वेळी माझी एक स्टिक गेली.

जानेवारीतली १९ तारीख. दुसऱ्या दिवशी जीएसटीचं ३बी रिटर्न भरायचा शेवटचा दिवस. टॅली उघडं, आणि निळा स्क्रीन. रीस्टार्ट केलं, अर्ध्या तासात परत निळा. मग एका पार्टीचं व्हाउचर उघडताना डेटा खराब असल्याचा मेसेज. रात्रीचा बॅकअप पेनड्राइव्हवर असतो म्हणून वाचलो, रिटर्न जुन्या आय३ वरून भरलं.

माझा संशय एसएमपीएसवर. सांगलीत लाइट जाते-येते, तेव्हा पहिला आळ त्याच्यावरच. पण चिरंजीवानं दोन्ही स्टिक काढल्या, सोनेरी दातांवरून खोडरबर फिरवला, फडक्यानं भुगा पुसला आणि एकेक लावून मेमटेस्ट (रॅम तपासायचा प्रोग्राम) चालवली. पहिली रात्रभर स्वच्छ. दुसरी लावल्यावर चहा उकळेपर्यंत लाल ओळींनी स्क्रीन भरला. स्लॉट बदलला, तरी तेच. म्हणजे बोर्ड निर्दोष, स्टिक मेली.

तेव्हापासून मशीन एका आठच्या स्टिकवर. दोन स्टिकचं महत्त्व वाचून जेवढं कळलं नव्हतं तेवढं या दिवसांत कळलं. आठातले दोन बायोसमध्ये ग्राफिक्सला दिलेले, उरलेल्या सहात विंडोज, क्रोम, टॅली. जीएसटीचं पोर्टल आणि एक्सेल एकदम उघडलं की माउस अडखळायचा. पोराच्या गेमचा सेकंदाला साठ फ्रेमच्या आसपास राहणारा आकडा पस्तीस-चाळीसवर आला. त्याचं दुःख मला नव्हतं, पण कॅडमध्ये मॉडेल फिरवतानाही तसंच तुटक दिसायचं. प्रोसेसर तोच, बोर्ड तोच. एका पट्टीनं मशीन दोन पिढ्या मागं गेल्यासारखं.

दुकानात गेलो. भांडायच्या तयारीनंच गेलो होतो, कारण घेताना ऑनलाइनपेक्षा पाचेकशे जास्त लावल्याचं मनात होतं. पण दुकानदाराबद्दलचं माझं मत इथं बदललं. त्यानं बिलावर दोन्ही स्टिकचे सिरियल नंबर हातानं लिहिलेले होते. "काका, हे नसतं तर कंपनीनं उभं केलं नसतं," म्हणाला. खरंच होतं. कंपनीच्या माणसानं पहिला प्रश्न सिरियल नंबरचाच विचारला, दुसरा स्टिकवरचं स्टिकर शाबूत आहे का. सिरियल त्या स्टिकरवरच असतो. उष्णता बाहेर पडावी म्हणून ते सोलून टाकणारे हौशी लोक आहेत, त्यांनी हे वाचून ठेवा.

स्टिक कुरिअरनं सर्व्हिस सेंटरला गेली. जायचा खर्च आपला. मग बरेच दिवस शांतता. मग मेल आला: मालाचा स्टॉक नाही, आपल्याला बिलाची रक्कम परत केली जाईल, खाते क्रमांक कळवा.

बिलाची रक्कम! जूनमधल्या बिलाची! त्या पैशात आता अर्धी स्टिकसुद्धा आली नसती. त्याच दुकानात त्याच आठ जीबीचा भाव विचारून आलो होतो, मी घेतली त्याच्या दुपटीहून कितीतरी वर. वॉरंटी मशीनला असते की बिलाच्या आकड्याला? फोन केला तर समोरची मुलगी गोड आवाजात, "सर, आम्ही तर पूर्ण रक्कम देतोय, काही कापत नाही." जणू उपकार. मी म्हटलं, "ताई, मला पैसे नकोत. आठ जीबी द्या. कुठल्याही रंगाची द्या."

त्यांच्याच वॉरंटीच्या अटी उघडून बसलो. हिशोब लिहिणाऱ्या माणसाला बारीक अक्षर वाचायची सवय असते. त्यात दुरुस्ती, बदली किंवा परतावा, तिन्ही लिहिलेले, निवड कंपनीची. म्हणजे बाजू त्यांची भक्कम. पण बदली "त्याच किंवा समकक्ष क्षमतेच्या" मालानं असंही होतं, आणि त्याच कंपनीची आठ जीबीची दुसरी मॉडेल ऑनलाइन राजरोस विकायला होती. त्या पानांचे स्क्रीनशॉट काढले, तारखेसकट. मेलमध्ये लिहिलं की समकक्ष माल आपण आजच्या तारखेला विकत आहात, मग स्टॉक नाही म्हणजे काय? खाली ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चा उल्लेख आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवत असल्याचं. खाते क्रमांक मात्र कळवला नाही. हे महत्त्वाचं. तो एकदा दिला आणि रक्कम जमा झाली की प्रकरण मिटलं असं धरतात.

तक्रार खरोखर नोंदवली. पुढं काय हललं आणि कुणामुळं, ते कळायला मार्ग नाही, पण पार्सल आलं.

आलेली स्टिक वेगळ्या मॉडेलची आहे. ३२०० चीच, पण जुनी सीएल१६ आणि ही सीएल२२ (सीएल म्हणजे डेटा द्यायला लागणारा उशीर, आकडा कमी तेवढं बरं). दोन्ही एकत्र लावल्या की जिचं टायमिंग ढिलं तिच्या चालीनं दोघी चालतात. चिरंजीवाचं तोंड वाकडं झालं. मी त्याला म्हटलं, गेमचा आकडा बघ. तो परत साठच्या जवळ. दोन-चार फ्रेम कमी असतील तर तेवढ्याला माझी ना नाही, ड्युअल चॅनेल (दोन्ही चॅनेल एकदम) परत आला हे मुख्य. मेमटेस्ट रात्रभर चालवली, एकही लाल ओळ नाही. टॅलीचा डेटा तेव्हापासून शहाण्यासारखा.

दुकानातला पोरगा मध्ये म्हणाला, "काका, विकायची झाली तर सांगा, मी घेतो." त्याच्याकडं जुने डीडीआर४ वाले पीसी घेऊन लोक रॅम वाढवायला येतात आणि भाव ऐकून परत जातात. कुणी जुनं मशीन भंगाराच्या भावात द्यायला निघालं असेल तर आधी रॅम काढून ठेवा. माझ्या आय३ मध्ये डीडीआर३ आहे, तिला कोण विचारत नाही.

बाकीच्या भागांचं थोडक्यात. एसएमपीएसवर घेतलेला आळ मागं. कॅबिनेटसोबत येणारा हलका एसएमपीएस न घेता वेगळा घेतला तेच बरं. त्या फुकटातल्याच्या अंगावर ४५० लिहिलेलं असतं, पण बाजूच्या तक्त्यात १२ व्होल्टसमोरचे अँपिअर बघून बाराने गुणा, खरी ताकद कळते. कॅबिनेट मात्र घेऊ नका. पुढून सगळी काच, हवा आत यायला बाजूची चीर तेवढी. आम्ही गावभागात, २०१९ आणि २०२१ चा पूर बघितल्यापासून किमती वस्तू वरच्या मजल्यावर, आणि वर पत्रा. एप्रिलमध्ये दुपारी प्रोसेसर नुसत्या एक्सेलवर सत्तर अंशांना टेकतो, त्याची मर्यादा ९५ ची आहे म्हणून काळजी नाही, पण पंख्याच्या आवाजानं बायको विचारते, गिरणी चालू केली काय. सध्या काच काढून ठेवलीय. जाळीच्या तोंडाचं कॅबिनेट बघतोय, पण हाच दुकानदार आता त्याचेही भाव वाढलेत म्हणतो, ते काही मला पटलेलं नाही.

एनव्हीएमईबद्दल लिहायचं राहिलं. चालतेय.