अभ्यासिकेतला इनरश लिमिटर, चार महिन्यांनंतर

इनरश लिमिटर म्हणजे लाइट येताच बसणारा करंटचा पहिला झटका अडवणारं उपकरण. कराडच्या एका अभ्यासिकेचं वायरिंग माझं आहे. हॉलमध्ये 36 वॅटची 30 एलईडी पॅनेल, सगळी एकाच सर्किटवर. चालू करंट 5 अँपिअरच्या आसपास आणि एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) 10 अँपिअरचा. तरी लाइट जाऊन आली की एमसीबी पडायचा. रात्री अकरा वाजता परीक्षेची पोरं मोबाइलच्या उजेडात बसलेली, आणि अभ्यासिकेच्या ताईंचा फोन, "दादा, परत पडलाय हो." आपल्या हातचं काम असं वागतंय म्हटल्यावर झोप लागत नाही.

दोष पॅनेलचा नव्हता. प्रत्येक पॅनेलला वीज पुरवणारा एक ड्रायव्हर असतो, त्याच्या आत वीज साठवणारा एक कपॅसिटर असतो आणि लाइट येते तेव्हा तो रिकामा असतो. 230 व्होल्टची लाट 325 पर्यंत चढते. नेमकी माथ्यावर असताना लाइट आली की 30 कपॅसिटर एकदम भरू लागतात. झटका इतका छोटा की साध्या क्लॅम्प मीटरवर दिसत नाही, पण बी कर्व्हचा, म्हणजे लवकर पडणाऱ्या प्रकारचा, एमसीबी रेटिंगच्या 3 ते 5 पटीला लगेच पडतो. खांबापासूनची सर्व्हिस वायर लांब, त्यामुळे त्याच क्षणी व्होल्टेजही खाली यायचं आणि काउंटरवरचा यूपीएस टक् करून बॅटरीवर जायचा.

आधी सी कर्व्हचा 10 चा एमसीबी लावला. तो 5 ते 10 पटीला पडतो. पडणं कमी झालं, थांबलं नाही. "32 चा टाक, सुटशील," असं एकाने सुचवलं. आत 1.5 स्क्वेअर मिमीची वायर आहे. एमसीबी पडायच्या आधी वायर जळेल, म्हणून ते मी केलं नाही.

मग एनटीसीची चकती लावून पाहिली, म्हणजे तापली की जिचा करंटला होणारा अडथळा कमी होतो ती. गार असताना 10 ओहम, तापल्यावर एक ओहमच्याही खाली. सकाळी पहिल्यांदा लाइट लावताना उत्तम. पण आपल्याकडे लाइट दोन सेकंद जाते आणि परत येते. तेवढ्यात कपॅसिटर रिकामे होतात, चकती मात्र गरमच राहते. गरज असते नेमकी तेव्हाच ती अडवत नाही.

शेवटी पुण्याच्या तपकीर गल्लीतून डिन रेलवर (एमसीबी बसवायची पट्टी) बसणारा हा लिमिटर आणला. आत करंट अडवणारा 10 ओहमचा रेझिस्टर आणि एक रिले, म्हणजे विजेवर आपोआप जोडणारा-सुटणारा स्विच. सुरुवातीचा करंट रेझिस्टरमधून जातो, म्हणजे फार तर 32 अँपिअर. मग रिले बसतो (जोडला जातो) आणि रेझिस्टर बाजूला पडतो. लाइट गेली की रिले लगेच सुटतो, थंड व्हायची वाट बघावी लागत नाही. ड्रायव्हर पेटायच्या आधी रिले बसला पाहिजे, नाहीतर 5 अँपिअरला रेझिस्टरच 50 व्होल्ट खातो आणि व्होल्टेज कमी मिळालं की ड्रायव्हर उलट जास्त करंट ओढतात. याची वेळ बरोबर जमलेली आहे: आधी रिलेची खट्ट, मग उजेड. ताईंसमोर दोन-दोन सेकंदांच्या अंतराने दहा वेळा बंद-चालू केलं. एमसीबी हलला नाही, यूपीएससुद्धा गप्प. गेल्या चार महिन्यांत फोन नाही.

एक गोष्ट मला खटकते. रिले बसला की नाही हे दाखवणारा दिवा यावर नाही. कधी बसलाच नाही, तर रेझिस्टरमध्ये 250 वॅटपर्यंत उष्णता होईल, आणि आत थर्मल फ्यूज (फार तापलं की सर्किट तोडणारा) आहे का याबद्दल माहितीपत्रकात एक ओळ नाही. म्हणून बसवल्यावर चालू स्थितीत त्याच्या आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या फेजमधलं व्होल्टेज मोजा. ते जवळपास शून्य हवं. मी दर महिन्याला जाऊन बघतो.

वरच्या मजल्यासाठी ताईंनी दुसरा सांगितलाय. तिथे 44 पॅनेल आहेत, तेव्हा आधी सर्किटचे दोन भाग करणार आणि प्रत्येकावर एक लिमिटर लावणार.