गुन्हा कबूल केल्यावर: अपील की रिव्हिजन?

तारखांचा ससेमिरा नको म्हणून मॅजिस्ट्रेटसमोर 'कबूल' म्हटलं, हातून घडलं काहीच नव्हतं, आणि आता पोलीस व्हेरिफिकेशनमध्ये तीच शिक्षा आडवी येतेय. अशा माणसाला सेशन्स कोर्टात जायला दोन वाटा आहेत: अपील, नाहीतर रिव्हिजन, म्हणजे खालच्या कोर्टाचं काम कायद्याला धरून झालं का, हे वरच्या कोर्टाने तपासणं. सोसायटीतल्या भांडणाच्या केसमध्ये मी रिव्हिजनची वाट धरली, तेव्हा माझा कल कुठे आहे ते दिसेलच.

अपील हा हक्क आणि रिव्हिजन ही कोर्टाची मर्जी, असं वकील सांगतात. ते खरंच आहे. एरवी मीही अपीलच केलं असतं. पण नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४१६ (जुन्या सीआरपीसीचं ३७५) आडवं येतं: कबुलीवर शिक्षा झाली असेल, तर अपिलात शिक्षा किती आणि ती कायदेशीर आहे का, एवढंच बोलता येतं. मला झाली होती कोर्ट उठेपर्यंतची कैद आणि किरकोळ दंड. त्यातून कमी करणार काय? मी काही केलं नाही, हे सांगायला तोंड उघडलं की पुढून एकच प्रश्न: "कबूल केलंय ना?" वकिलांच्या ऑफिसातच हे इतकं ऐकलं की अपिलावरून मन उडालं.

रिव्हिजनमध्ये उलट त्या कबुलीलाच हात घालता येतो. समन्स केसमध्ये (म्हणजे कमी शिक्षेच्या, हलक्या गुन्ह्यांच्या केसमध्ये) आरोपीची कबुली शक्यतो त्याच्याच शब्दांत लिहायची, असं कलम २७५ (जुनं २५२) म्हणतं. मी नक्कल काढली तर छापील प्रश्न, खाली दुसऱ्याच अक्षरात 'होय' आणि माझी सही. कोर्टात मी म्हणालो होतो, "साहेब, मिटवून टाका." ते वाक्य कागदावर कुठेच नव्हतं. माझ्यापुरता निर्णय तिथेच झाला.

मुदतीतही रिव्हिजन सोयीचं: ९० दिवस. सेशन्समधल्या अपिलाला ३०. मात्र सेशन्स किंवा हायकोर्ट, रिव्हिजन एकाच ठिकाणी करता येतं. इथे हरलात तर तेच घेऊन तिथे जाता येत नाही. आणि जिंकलात तरी लगेच निर्दोष ठरता असं नाही. बहुतेकदा केस पुन्हा खाली, कबूल-नाकबूलच्या टप्प्यावर येते, म्हणजे ज्या तारखा टाळल्या त्याच पुन्हा. ज्याला हे झेपणार नाही, त्याला मी आग्रह करणार नाही.

(प्ली बार्गेनिंग, म्हणजे शिक्षेबद्दल रीतसर तडजोड ठरवून कबुली, केलं असेल तर हे सगळं विसरा. तिथे हायकोर्टात रिट अर्ज किंवा थेट सुप्रीम कोर्टाची विशेष परवानगी, एवढंच उरतं.)

वकील ठरवण्याआधी रोजनामा (प्रत्येक तारखेला काय झालं त्याची कोर्टातली नोंद) आणि कबुलीच्या कागदाच्या नकलेसाठी अर्ज टाका. आरोप समजावून सांगितल्याची नोंद आणि तुमचं उत्तर तुमच्याच शब्दांत तिथे असेल, तर रिव्हिजनमध्ये फारसा दम नाही. मग शिक्षा जड असल्यास अपीलच बरं. नुसतं 'होय' असेल, तर मी तरी रिव्हिजनच करेन.