खाऱ्या वाऱ्यातली गाडी: चकचकीत कोटिंग की तेलकट थर?

शोरूममध्ये नव्या मोटरसायकलचे पैसे भरून झाले की काउंटरवरचा माणूस हमखास विचारतो, ‘टेफलॉन करून घेणार की सिरॅमिक?’ गाडी लातूर-सोलापूरकडे चालणार असेल तर यातलं काहीही घ्या, काहीच न घेतलंत तरी फार बिघडत नाही. पण घर मालवणात, वेंगुर्ल्यात, मुरुडला किंवा मुंबईत समुद्राला लागून असेल, तर उत्तर देण्याआधी गाडी नेमकी कुठून गंजते ते बघून घ्या. टाकीवरून ती सहसा गंजत नाही.

किनाऱ्यावर चार-पाच पावसाळे काढलेली कुठलीही गाडी मेन स्टँडवर लावा आणि उकिडवे बसून खालून बघा. स्टँडची स्प्रिंग तांबूस झालेली असते. सायलेन्सरच्या वेल्डिंगच्या शिवणीवर पापुद्रे सुटलेले असतात. मागच्या मडगार्डच्या आतल्या कडेला लाल मातीचा चिखल वाळून बसलेला असतो, तो नखाने काढला की खाली पत्र्याचा चुरा हाताला लागतो. बोल्टच्या डोक्यांवर जिथे जिथे पाना घसरलाय तिथे तिथे लाल ठिपका. स्पोकची चाकं असतील तर स्पोक रिमला मिळतो तिथल्या निपलपाशी हिरवट-तांबूस खार. वर टाकी मात्र शोरूममधून आणल्यासारखी. आणि कोटिंगवाले पैसे घेऊन कोटिंग मारतात ते या टाकीवर!

मीठ एकटं गंज चढवत नाही. त्याचं खरं काम ओल धरून ठेवण्याचं. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. लाट फुटली की त्याचे बारीक तुषार वाऱ्याबरोबर आत येतात आणि त्यातले बरेचसे पहिल्या काहीशे मीटरमध्येच खाली बसतात. म्हणून बंदरावरच्या घरातली गाडी आणि दोन-तीन किलोमीटर आत, डोंगराआडच्या वाडीतली गाडी यांची तब्येत एक नसते. साधं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या पुढे गेली की पाघळायला लागतं. पावसाळ्यात डब्यातलं मीठ पाणी सोडतं ते यामुळेच. समुद्राच्या क्षारांत मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि ते तर ३३ टक्क्यांच्या आसपासच ओल खेचायला लागतं. थोडक्यात, जानेवारीतल्या कोरड्या दुपारीही गाडीच्या सांध्यांत बसलेला खार ओला राहू शकतो. त्यातला क्लोराइड स्टेनलेस स्टील आणि अ‍ॅल्युमिनियमवरचा नैसर्गिक संरक्षक थरही फोडतो. इंजिनच्या केसिंगवर पांढरी भुरभुरीत बुरशी दिसते, तो हाच प्रकार.

पावसाचं इथे थोडं उलटं आहे. उघड्यावरच्या गाडीचा वरचा भाग पाऊस धुऊन काढतो. मडगार्डखाली, सीटखाली, चेनकव्हरच्या आत पाऊस पोचत नाही, तिथे मीठ साठत जातं. सगळ्यात जास्त खाल्लेला भाग नेमका तिथेच सापडतो.

कडक थर आणि तेलकट थर

बाजारात नावं पन्नास असली तरी पर्याय मुळात दोन जातींचे. एक, वाळून कडक होणारा थर: टेफलॉन, सिरॅमिक, क्लिअर लॅकर, पावडर कोटिंग. दुसरा, कधीच पूर्ण न वाळणारा थर: मेणाचे अँटी-रस्ट स्प्रे, लॅनोलिन (म्हणजे मेंढीच्या लोकरीतली चरबी), ग्रीस आणि आपलं गावठी जळकं ऑइल.

सिरॅमिकच्या बाजूने आधी बोलू, कारण ते अगदीच फसवं नाही. सिलिकावर आधारलेला हा थर गाडीच्या रंगावर घट्ट बसतो, पाणी टिकू देत नाही, उन्हाने रंग फिका होण्याचा वेग कमी करतो. नीट तयारी करून मारलेला थर वर्ष-दोन वर्षं काम देतो. समुद्राजवळ त्याचा एक खरा फायदा आहे: मिठाची पांढरी झाक साध्या पाण्याने निघून जाते, घासावं लागत नाही. पण ते ज्या रंगाचं रक्षण करतं, तो रंग आधीच पत्र्याचं रक्षण करत होता. जिथे रंग नाही, जिथे दोन पत्रे एकमेकांवर येतात, जिथे बोल्टचा आटा आहे, तिथे सिरॅमिक जात नाही आणि लावणाराही तिथे हात घालत नाही. टेफलॉन म्हणून जे मारतात ते बहुतेक ठिकाणी चांगल्या पॉलिशच्या जातीचं असतं. काही महिने चमक राहते, शॅम्पूच्या धुण्यांत उतरत जातं. गंजाच्या हिशेबात मी ते धरत नाही.

तेलकट थराचं सगळंच उलट. दिसायला घाणेरडा. धूळ चिकटते, पॅन्टला डाग पडतो, नवी गाडी घेतलेल्या माणसाला हे मारा म्हटलं तर तो आपल्याकडे विचित्र नजरेने बघतो. पण हा थर फटीत शिरतो, आट्यांमध्ये ओढला जातो. मुख्य म्हणजे खडा लागून ओरखडा पडला तर तो थोडा सरकून ती जागा परत झाकतो. कडक थराला हे जमत नाही. तो एकदा तडकला की पाणी त्याच्या खालून आत शिरतं, आणि वरून सगळं ठीक दिसत असताना खाली गंज पसरत राहतो. किनाऱ्यावर राहणाऱ्यासाठी माझ्या मते निकाल इथेच लागतो.

टिकण्याचा हिशेब मात्र मान्य करायला हवा. मेणाचा चांगला थर गाडीच्या पोटाखाली एक मोसम जातो, सहा महिने धरा. वॉशिंग सेंटरवर प्रेशरने डिझेल मारून गाडी धुतलीत तर एका धुण्यात गेला. दर वर्षी दोनदा तासभर हात काळे करायची तयारी नसेल तर हा पर्याय कागदावरच उत्तम. पैशाला तो स्वस्त आहे. एका गाडीच्या सिरॅमिकला काही हजार मोजावे लागतात, त्यात वॅक्स स्प्रेचे डबे काही वर्षं पुरतील.

प्रत्येक गॅरेजमधला निळा-पिवळा डबा

डब्ल्यूडी-४० हा स्प्रे भारतात गंजावरचा रामबाण समजला जातो, म्हणून त्याचं वेगळं सांगतो. अमेरिकेत १९५३ साली हे मिश्रण तयार झालं. पाणी हटवण्यासाठी केलेला चाळिसावा प्रयोग, म्हणून नावात ४०. अ‍ॅटलास क्षेपणास्त्राच्या बाह्य आवरणाला गंज चढू नये म्हणून ते आधी वापरलं गेलं. पाणी हटवायचं काम ते आजही चोख करतं: गाडी धुतल्यावर स्विचमध्ये, नट-बोल्टच्या खाचांत, लॉकमध्ये अडकलेलं पाणी बाहेर काढायला याच्यासारखं दुसरं नाही. पण मागे राहणारी फिल्म पातळ असते. खाऱ्या हवेत ती काही आठवड्यांची पाहुणी. त्याच कंपनीने दीर्घकाळ गंज रोखणारा वेगळा स्प्रे काढलाय, यातच काय ते समजा. साधा डबा धुतल्यानंतरसाठी ठेवा, पावसाळ्यावर त्याचा भरवसा धरू नका.

जळकं ऑइल

कोकणात जीप-टेम्पोच्या चेसिसला जळकं ऑइल मारायची जुनी रीत आहे. ती चालते, कारण तत्त्व बरोबर आहे: तेलकट थर, फुकट, फटीत जाणारा. मग डब्याला पैसे का घालवायचे? वापरलेल्या ऑइलमध्ये इंजिनात तयार झालेली आम्लं आणि धातूचा कीस असतो. ते रबराचे बुश, ऑइल सील, वायरिंगची आवरणं फुगवतं. कातडीला ते चांगलं नाही. आणि पहिल्या पावसात ते उतरतं ते थेट अंगणात, तिथून विहिरीकडे. टेम्पोच्या लोखंडी चेसिसला एक वेळ ठीक. मोटरसायकलवर ब्रेक, टायर, वायरिंग सगळं वीतभर अंतरात असतं, तिथे मी ते मारणार नाही. स्वस्तातच काही हवं असेल तर कोरं गिअर ऑइल फडक्यावर घेऊन पुसा, बरंच बरं.

बाकीचे पर्याय, थोडक्यात

डांबरी किंवा रबरी अंडरकोटिंग मोटारीवाले करतात. मोटरसायकलला ते फक्त मडगार्डच्या आतल्या बाजूला शोभतं, तेही गाडी नवी असताना. मीठ किंवा गंज आधीच बसलेल्या पत्र्यावर मारलंत तर ओल आत कोंडली, आणि पत्रा भोक पडल्यावरच कळेल.

पावडर कोटिंग हे जुन्या गाडीचं काम. गाडी पूर्ण उघडून फ्रेम सँडब्लास्ट करतात, म्हणजे वाळूच्या माऱ्याने जुना रंग आणि गंज काढतात, पावडर मारून भट्टीत साधारण १८० ते २०० अंशांवर भाजतात. आधी झिंकचा प्रायमर मारून घेतला तर खाऱ्या हवेत फार फरक पडतो, कारण थर तडकला तरी झिंक आधी झिजतं आणि लोखंड वाचवतं. नुसती पावडर मारून देणारे पुष्कळ आहेत. झिंक प्रायमर आहे का हे विचारल्याशिवाय फ्रेम सोडू नका. आणि चेसिस नंबरवर टेप लावायला सांगा. पावडरच्या जाड थराखाली नंबर बुजला तर पुढे आरटीओत आणि गाडी विकताना डोकेदुखी.

बॅटरीला जोडायचे इलेक्ट्रॉनिक गंजरोधक घेऊ नका. जहाजाच्या पोटाला किंवा जमिनीतल्या पाइपलाइनला विजेने गंजापासून वाचवता येतं, कारण तिथे सगळी वस्तू पाण्यात किंवा ओल्या मातीत असते आणि विजेला वाट मिळते. हवेत उभ्या असलेल्या गाडीला ती वाट नाही.

कव्हरबद्दल लोकांचा सगळ्यात जास्त गैरसमज. चंदेरी प्लॅस्टिकचं कव्हर खालपर्यंत घट्ट बांधलं की आत ओल कोंडते, सकाळी कव्हर काढलं तर टाकीवर दव. समुद्राजवळ असं कव्हर न घातलेलं बरं. हवा खेळती राहील असं कापडी कव्हर, त्याहून बरी पडवी, आणि वाऱ्याच्या दिशेला भिंत असेल तर सोन्याहून पिवळं.

मग कुणी काय घ्यावं

किनाऱ्याच्या गावात राहता आणि गाडी रोज वापरता: सिरॅमिकचे पैसे वाचवा. मे महिन्याच्या शेवटी आणि दसऱ्याच्या सुमाराला अशी दोनदा वॅक्सची फवारणी, मधल्या काळात आठवड्याला गोड्या पाण्याने धुणं. गोड्या म्हणजे खरंच गोड्या. किनाऱ्यालगतच्या बऱ्याच विहिरी मार्च-एप्रिलपासून मचूळ होतात. त्या पाण्याने धुणं म्हणजे मीठ काढून मीठ लावणं. नळाचं पाणी वापरा, नसेल तर शेवटच्या दोन बादल्या तरी गोड्या घ्या. (दसऱ्याला हँडलला घातलेला झेंडूचा ओला हार सुकेपर्यंत तिथेच ठेवायची आपल्याकडे पद्धत आहे. संध्याकाळी काढून ठेवा, देव रागावणार नाही. क्रोम मात्र रागावतं.)

मुंबईत समुद्राच्या बाजूला, सोसायटीत उघड्यावर गाडी: इथे दोन्ही घेण्यात अर्थ आहे, परवडत असेल तर. वर ऊन, धूळ आणि कावळ्यांपासून सिरॅमिक, खाली वॅक्स. एकच घ्यायचं तर खालचं.

पुण्या-नाशिकहून वर्षातून दोन-चारदा कोकणात किंवा गोव्याला उतरणारे: काहीही कोटिंग नको. पुळणीवर गाडी घालू नका. ओल्या वाळूतलं मीठ चेनमध्ये आणि ब्रेकच्या कॅलिपरमध्ये जातं. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळसारख्या फेरीबोटीने खाडी ओलांडलीत तर मुक्कामाला पोचून हलक्या धारेने धुवा, घरी गेल्यावर पुन्हा एकदा. परत गेल्या गेल्या चेन साफ करून ल्यूब मारलंत की तुमचं काम झालं. समुद्रालगत राहणाऱ्याचे सल्ले वाचून उगाच खर्चात पडू नका.

गंज आधीच लागलेला असेल तर त्यावर वॅक्स मारून भागत नाही. सुटे पापुद्रे तारेच्या ब्रशने काढा, टॅनिक किंवा फॉस्फरिक अ‍ॅसिडवालं रस्ट कन्व्हर्टर लावा, जागा काळी पडली की प्रायमर, मग रंग, शेवटी वॅक्स. सायलेन्सर याला अपवाद. तो आतूनही गंजतो, कारण पेट्रोल जळताना पाणी तयार होतं आणि रोज बाजारापर्यंतच गाडी नेणाऱ्याचा सायलेन्सर ते पाणी वाफ होण्याइतका तापतच नाही. आठवड्यातून एकदा पंधरा-वीस किलोमीटर सलग चालवा, आणि खालचं बारीक भोक चिखलाने बुजलेलं असेल तर तारेने मोकळं करा.

विमा यात मदतीला येत नाही. झीज आणि घसारा पॉलिसीत वगळलेला असतो.

फवारणीच्या दिवशी

गाडी आदल्या दिवशी धुवा, ऊन दाखवा, थोडी फिरवून आणा. पुरती थंड झाल्यावर दोन्ही चाकांच्या डिस्कना आणि कॅलिपरना प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधा. ड्रम ब्रेक असेल तर त्याच्या तोंडाशीही फवारा नको. जिथे नेम धरता येत नाही तिथे स्प्रे फडक्यावर घेऊन पुसा. टायर, डिस्क, पायाचे रबर, सीट: या चार जागी एक थेंब नको. सायलेन्सरला लावलंत तर धूर आणि वास, फायदा शून्य. फ्रेमच्या नळ्यांना खालून जी पाणी जायची भोकं असतात, त्यांतून लांब नळीने आत फवारा मारा, पण भोकं बुजवू नका. बॅटरीच्या टर्मिनलला आणि वायरिंगच्या जोडांना पेट्रोलियम जेली. तांबं हिरवं पडलं की पावसात गाडी चालू न होण्याची निम्मी कारणं तिथेच सापडतात.

पुढच्या शॉकच्या चकचकीत नळ्या शेवटी बघा, त्यांना मेण नको. बोटभर सिलिकॉन ग्रीस किंवा साधं तेल फडक्याने पुसून घ्या आणि पुढचा ब्रेक दाबून हँडल चार वेळा खालीवर करा. मग त्या नळीवरून नख फिरवा. नख कुठे अडकलं तर तिथे खड्डा पडलाय आणि तो ऑइल सील कापणार. असा खड्डा दिसला तर स्प्रे बाजूला ठेवा आणि आधी गॅरेज गाठा. सील फुटून ऑइल ब्रेकवर उतरलं तर खर्च नुसत्या सीलचा राहत नाही.