विश्वासातल्या ॲपबद्दल फायरवॉलने विचारावं की गप्प बसावं?

पर्सनल फायरवॉल, म्हणजे मशीनवरच्या कुठल्या ॲपला नेटवर्कवर बोलू द्यायचं ते ठरवणारा प्रोग्राम, निवडताना बहुतेक जण पॉपअप किती येतात एवढंच बघतात. त्याआधी एक प्रश्न विचारायला हवा. एखाद्या ॲपला न विचारता सोडताना फायरवॉल नेमकं काय बघते? फाइल कुठल्या फोल्डरमध्ये आहे ते, तिच्यावर कुणाची डिजिटल सही (फाइल कुठल्या कंपनीची आहे याची खूण) आहे ते, कंपनीने बनवलेली 'सुरक्षित' यादी, की तुम्ही मागे कधी दिलेलं उत्तर? आणि ॲप अपडेट झाल्यावर तो विश्वास तसाच पुढे चालतो का? खालचे पर्याय मी याच कसोटीवर पारखले आहेत.

सिस्टीमसोबत येणाऱ्या फायरवॉल

विंडोजची फायरवॉल २००४ मध्ये आलेल्या, विंडोज एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ या अपडेटपासून मुळातच चालू असते. बाहेर जाणाऱ्या कनेक्शनबद्दल ती काही विचारत नाही, सगळं जाऊ देते. एखादं ॲप बाहेरून येणाऱ्या कनेक्शनसाठी पोर्ट (नेटवर्कवरचं दार) उघडून बसलं आणि त्याच्यासाठी नियम नसेल, तेव्हाच पॉपअप येतो. त्यात प्रायव्हेट आणि पब्लिक नेटवर्कचे दोन चौकोन असतात.

इथे एक खोच आहे. घाईत 'कॅन्सल' दाबलं की 'नंतर बघू' असा अर्थ होत नाही. त्या ॲपच्या नावाने दोन ब्लॉक नियम तयार होतात, एक टीसीपीचा आणि एक यूडीपीचा (नेटवर्कवर डेटा पाठवायच्या या दोन पद्धती). मग पॉपअप पुन्हा येत नाही आणि ॲप का चालत नाही ते कळत नाही. परवानगीचा नवा नियम टाकूनही उपयोग होत नाही, कारण विंडोजमध्ये ब्लॉक नियम परवानगीच्या नियमावर मात करतो. ॲडव्हान्स्ड सेटिंगमधल्या इनबाउंड रूल्समध्ये (आत येणाऱ्या कनेक्शनच्या नियमांत) जाऊन ते दोन्ही नियम आधी काढावे लागतात. शिवाय हे नियम फाइलच्या पाथवर, म्हणजे ती कुठल्या फोल्डरमध्ये आहे त्या पत्त्यावर, बांधलेले असतात. त्यामुळे दर अपडेटला नव्या नावाच्या फोल्डरमध्ये बसणारं ॲप ओळखीचं असूनही पुन्हा पुन्हा विचारणा करवतं.

मॅकची फायरवॉलही आत येणाऱ्या कनेक्शनपुरतीच आहे, पण ती पाथऐवजी सही बघते. सिस्टीमची स्वतःची ॲप आणि सही असलेली डाउनलोड केलेली ॲप आपोआप सोडावीत का, याचे दोन वेगळे पर्याय सेटिंगमध्ये आहेत. त्यामुळे अपडेटनंतरची कटकट कमी. बाहेर काय जातंय, याचा मात्र इथेही पत्ता लागत नाही.

यादीवर चालणाऱ्या

विंडोजवरच्या कोमोडो फायरवॉलचा 'सेफ मोड' हे याचं ठळक उदाहरण. त्यांच्या यादीत सुरक्षित ठरलेली ॲप गुपचूप जातात, अनोळखी ॲपबद्दलच विचारलं जातं. घरच्यांच्या मशीनवर लावायला सोयीचं. पण 'सुरक्षित ॲपसाठी नियम तयार करा' हा पर्याय चालू केला नाही, तर सोडून दिलेल्या ॲपचे नियम यादीत दिसतच नाहीत. कुणाला मोकळीक मिळाली आहे हे तपासायचं असेल, तर तो पर्याय चालू करा.

ईसेट या अँटिव्हायरस कंपनीची फायरवॉल याहून शांत आहे. तिच्या ऑटोमॅटिक मोडमध्ये बाहेर जाणारी रहदारी सुटते. इंटरॲक्टिव्ह मोडमध्ये नियम नसलेल्या प्रत्येक कनेक्शनला विचारणा होते, तर लर्निंग मोड ठरावीक मुदतीपर्यंत नियम आपोआप बनवत राहतो. नियम असलेल्या ॲपची फाइल बदलली तर ती सूचना देऊ शकते, आणि सही असलेल्या विश्वासू ॲपमधले बदल दुर्लक्षित करायची सोयही आहे. रोजच्या वापराला ही सोय बरी वाटते.

तरी सहीवर किती विसंबायचं? २०१७ मध्ये सीसीक्लीनर या मशीन साफ करणाऱ्या ॲपची ५.३३ ही आवृत्ती मालवेअरसकट बाहेर पडली, तीही कंपनीच्या अधिकृत सहीने. सुमारे २२.७ लाख मशीनवर ती पोचली. केवळ सही बघणाऱ्या फायरवॉलला तिच्यात वावगं काहीच दिसलं नसतं. ॲपला फक्त त्याच्या ठरलेल्या सर्व्हरशी बोलू देणारा नियम असता, तर अनोळखी पत्त्यावर जाताना तरी अलर्ट आला असता.

प्रत्येकाला विचारणाऱ्या

मॅकवरच्या लिटल स्निचचं बळ इथेच आहे. अलर्टमध्ये 'हो' किंवा 'नाही' एवढंच नसतं. परवानगी फक्त या सर्व्हरपुरती, या डोमेनपुरती (त्या वेबसाइटच्या नावाखालच्या सगळ्या सर्व्हरपुरती) की सगळीकडे, आणि एकदाच, ॲप बंद होईपर्यंत की कायमची, हे सगळं ठरवता येतं. ॲपची सही बदलली तर जुना नियम मुकाट लागू होत नाही, वेगळा इशारा येतो. सुरुवातीचे काही दिवस डोकं पिकतं हे खरं. त्यावर सायलेंट मोडचा उतारा आहे: आधी सगळं जाऊ द्या, मग नोंद बघून सावकाश नियम करा.

मॅकवरचीच लुलू मोफत आहे आणि तिचा कोड खुला आहे. ॲपलची ॲप आणि आधीपासून असलेली ॲप सोडायची का, हे ती सुरुवातीलाच विचारते. यातला दुसरा पर्याय स्वच्छ मशीनवरच चालू करावा. नको ते आधीच घुसलेलं असेल, तर तेही विश्वासातलं ठरेल. कर्लसारखी (इंटरनेटवरून डेटा आणणारं साधन), ॲपलची असूनही गैरवापर होऊ शकणारी साधनं ती सरसकट सोडत नाही, हे मला विशेष आवडलं.

सिस्टीमनेच एखाद्याला वगळलं तर मात्र दोघींचाही इलाज नव्हता. २०२० च्या बिग सर या मॅकओएस आवृत्तीत ॲपलची अनेक ॲप अशा फायरवॉलच्या नजरेतून सुटत होती. टीकेनंतर ११.२ आवृत्तीत ती सवलत काढली गेली.

लिनक्सवर अशीच विचारणारी ओपनस्निच आहे. तिथे पायथनला (पायथन भाषेतले प्रोग्राम चालवणाऱ्या ॲपला) सरसकट परवानगी देऊ नका, कारण मग कुठलीही पायथन स्क्रिप्ट त्याच नियमावर बाहेर जाईल. नियम कमांड लाइनवर, म्हणजे कुठली स्क्रिप्ट चालवली ते सांगणाऱ्या पूर्ण आज्ञेवर, बांधा.

न विचारता अडवणारी

विंडोजवरची टायनीवॉल पॉपअप दाखवतच नाही. नियम नसलेलं ॲप थेट अडतं, आणि तुम्ही त्याची खिडकी किंवा प्रोसेस निवडून त्याला यादीत घालता. कंटाळून 'अलाऊ' दाबत सुटायची ज्यांना सवय आहे, त्यांच्यासाठी मला हीच सर्वांत योग्य वाटते. अडचण एवढीच की नवं ॲप चालेना, तर दोष फायरवॉलचा आहे हे तुम्हाला स्वतःला सुचावं लागतं.

मग घ्यायची कुठली?

मशीन दुसऱ्या कुणाचं असेल आणि तांत्रिक शंका तुमच्याकडेच येणार असतील, तर सिस्टीमची फायरवॉल किंवा ईसेटचा ऑटोमॅटिक मोड. स्वतःच्या मॅकवर कोण कुठे बोलतंय ते बघायचं असेल तर आधी लुलू वापरून पाहा. डोमेनवार नियम हवेसे वाटले, तरच लिटल स्निचला पैसे मोजा. विंडोजवर थोडी खटपट चालणार असेल तर टायनीवॉल, नाहीतर कोमोडोचा सेफ मोड. बाहेर जाणाऱ्या कनेक्शनवर लक्ष ठेवणारी कुठलीही घेतलीत तरी ब्राउझर सोडून इतर ॲपना 'सगळीकडे, कायमचं' अशी परवानगी देण्याआधी महिनाभर थांबा. ते ॲप एरवी कुठे कुठे जातं, ते तोवर नोंदीत दिसलेलं असेल.