जुना पितळी पंखा: मूळ रंग राखायचा की नवा चढवायचा?

माझ्या खोलीत दोन जी.ई.सी. टेबलफॅन शेजारी शेजारी ठेवलेले आहेत. (ही इंग्लंडातली जी.ई.सी.; अमेरिकेतली जनरल इलेक्ट्रिक वेगळी.) दोन्ही १२ इंची, काळ्या बिडाच्या बैठकीचे आणि पितळी पात्यांचे. पहिला मी काही वर्षांपूर्वी पूर्ण सोलून, पावडर कोटिंग (रंगाची कोरडी पूड चढवून भट्टीत भाजणं) आणि बफिंग (फिरत्या चाकावर घासून चमकवणं) करून घेतला. दुसऱ्याचा रंग होता तसा ठेवला. साफ केला, मेण लावलं, वायरी बदलल्या. लांबून पहिला देखणा दिसतो. जवळ बसून बघायचं असलं की मात्र मी दुसराच पुढे ओढतो.

तुमच्या माळ्यावरून आजोबांचा पंखा निघाला असेल, किंवा चोर बाजारातून एखादा आणला असेल, आणि तो कारागिराकडे न्यावा का अशा विचारात असाल, तर माझं मत आधीच सांगून टाकतो. निम्म्याहून जास्त मूळ रंग अजून धातूला घट्ट धरून असेल तर त्याला हात लावू नका. रंग उद्याही काढता येतो. एकदा काढलेला मूळ रंग मात्र कुठल्याही भट्टीतून परत येत नाही. पण हे सगळ्याच पंख्यांना लागू नाही, तेही पुढे सांगतो.

आधी थर कसला आहे ते बघा

१९१०-२० च्या सुमाराच्या पंख्यांवरचा तो खोल, किंचित तपकिरी झाक असलेला काळा म्हणजे आजच्या अर्थाने पेंट नव्हे. डांबरासारखा बिट्युमेन तेलात आणि टर्पेंटाइनमध्ये विरघळवून केलेलं ते वार्निश असतं. ते थरावर थर देऊन भट्टीत भाजायचे. या कामाला 'जपानिंग' म्हणतात, कारण युरोपात ते जपानी लाखकामाची नक्कल म्हणून सुरू झालं. नंतरच्या पंख्यांवर भाजलेलं इनॅमल किंवा सेल्युलोज लॅकर येतं. हे तिन्ही वेगवेगळ्या द्रवांना वेगवेगळे घाबरतात, म्हणून कापडावर थिनर ओतून पुसायला लागण्याआधी चाचणी घ्या.

पंखा उलटा करा. बैठकीच्या खालच्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, कानात घालायच्या कापसाच्या काडीने आधी नुसतं पाणी, मग पाण्यात दोन थेंब सौम्य लिक्विड सोप, मग मिनरल टर्पेंटाइन, असं एकेक लावून बघा. काडीवर तपकिरी चिकट मळ आला तर उत्तम. ती तेल, धूर आणि धूळ आहे. काळं येऊ लागलं की तिथेच थांबा, तो रंग आहे. स्पिरिट आणि थिनर शक्यतो वापरूच नका. स्पिरिटने लाखेचं पॉलिश जातं, थिनरने सेल्युलोज लॅकर जातो आणि बैठकीवरची सोनेरी रेघ किंवा छापील चित्र असेल तर ते दोन्हींत जाऊ शकतं. गॅसची शेगडी साफ करायचे फवारे अल्कलीचे असतात. त्यांचा या पंख्याशी काही संबंध येऊ देऊ नका.

मळ निघाल्यावर खाली जे दिसतं ते पाहून बरेच जण मन बदलतात. माझ्या दुसऱ्या पंख्यावर मला 'रंग उडालाय' असं वाटलं होतं. तो उडालेला नव्हता, त्यावर तेलात कालवलेल्या धुळीचा कागदाएवढा जाड थर होता. तीन संध्याकाळी काड्या आणि जुने सुती बनियन घेऊन बसलो, तेव्हा खाली जवळजवळ अखंड काळा निघाला.

आपल्याकडे आणखी एक प्रकार फार आढळतो. घराला रंग काढताना उरलेलं क्रीम किंवा हिरवं ऑइल पेंट पंख्यालाही फासलेलं असतं. हा वरचा थर 'मूळ' नाही, आणि तो राखायचा आग्रहही नाही. मूळ भाजलेला थर गुळगुळीत असल्यामुळे वरचं पेंट पुष्कळदा त्याला नीट धरलेलंच नसतं. बांबूच्या किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने कोपऱ्यातून उचललं तर पापुद्र्यासारखं निघतं. पॉलिश पेपरने कोरडं मात्र घासू नका. जुन्या रंगांत शिसं असायचं. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७ च्या अखेरीस लागू झाली. त्याआधीच्या कुठल्याही थराची धूळ घरात उडवणं धोक्याचं आहे, लहान मुलं असतील तर फारच.

पितळ

इथे राखणं आणि चमकवणं यांतला फरक सगळ्यात जास्त दिसतो. घरातल्या तांब्यापितळेला आपण चिंच, लिंबू-मीठ नाहीतर पितांबरी लावतो आणि समईला ते चालतं. पंख्याच्या पात्याला आम्लाचा हात जड पडतो. पितळातलं जस्त आधी निघून जातं आणि वर तांबूस-गुलाबी झाक राहते. मग ती घालवायला पुन्हा घासावं लागतं. बफिंगच्या चाकाचं दुखणं वेगळं आहे. पात्याच्या कडा ते गोल करतं आणि एका पात्यावर जास्त, दुसऱ्यावर कमी चाललं किंवा चाकाने पातं खेचून त्याचा तिरपेपणा थोडा बदलला, की पंखा थरथरू लागतो. माझा पहिला पंखा आजही तिसऱ्या वेगावर टेबलावर हळूहळू सरकतो.

बिल्ल्याचं नुकसान तर भरूनच येत नाही. जाळीच्या मधोमध जो गोल पितळी बिल्ला असतो त्याची अक्षरं कोरून रंग भरलेली असतात. बफिंगवाल्याने माझा बिल्ला बाकी जाळीबरोबर चाकावर धरला. अक्षरं आता बोटाला लागत नाहीत.

राखायचं असेल तर पात्यांवरची तेलकट धूळ साबणाच्या पाण्याने काढा, हिरवा कळंक असेल तेवढ्यापुरता मऊ कापडाने आणि थोड्या तेलाने उचला, आणि सोनेरी-तपकिरी झालेला रंग तसाच ठेवून पातळ मेण चढवा. ब्रिटिश म्युझियममध्ये तयार झालेलं मायक्रोक्रिस्टलाइन मेण यासाठी जगभर वापरतात. ते नसेल तर घासणारी पूड आणि सिलिकॉन नसलेलं कार्नोबा मेण चालतं. मेण टर्पेंटाइनने कधीही काढता येतं, आणि मला त्याचा सगळ्यात मोठा गुण तोच वाटतो.

ज्यांना चकचकीत पितळच आवडतं त्यांचंही चुकत नाही. हे पंखे कारखान्यातून निघाले तेव्हा चकचकीतच होते, वर लॅकरचा थर देऊन. पण चमकवाल तर लॅकरही द्यावा लागेल, नाहीतर कोकणात किंवा मुंबईत दोन पावसाळ्यांत सगळं पुन्हा काळवंडेल.

जाळीला चकाकी द्यायला 'क्रोम करून देतो' असं कारागीर म्हणाला तर थांबा. शोभेचं क्रोम १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात बाजारात रुळलं. त्याआधीच्या पंख्यावर निकेल असतं. ते किंचित पिवळसर, ऊबदार दिसतं. क्रोमची निळसर झाक जुन्या पंख्यावर लगेच खटकते.

पावडर कोटिंगच्या बाजूने आणि विरुद्ध

न्यायाने बोलायचं तर पावडर कोटिंग टिकाऊ आहे. समुद्राच्या काठावर, रोजच्या वापरात, पोरांच्या हाताखाली असलेल्या पंख्याला ते वर्षानुवर्षं गंजू देत नाही. किंमतही परवडते आणि काम दोन-चार दिवसांत होतं. जपून साफ करणं, मेण, वायरी असं सगळं मिळून माझे तीन आठवडे गेले होते, तेही सुट्टीचे दिवस धरून.

पण त्याआधी सँडब्लास्टिंग, म्हणजे वाळूचा मारा करून जुना रंग उडवणं, होतं, आणि मग सुटे भाग साधारण १८० ते २०० अंशांच्या भट्टीत जातात. कितीतरी जुन्या पंख्यांचा स्टेटर (मोटरचा न फिरणारा, वाइंडिंगचा भाग) मोटरच्या खोळीत दाबून बसवलेला असतो. तो न काढता खोळ भट्टीत गेली तर सुती धाग्याचं आणि वार्निशचं इन्सुलेशन करपतं, आणि रंगवायला दिलेला पंखा रिवाइंडिंगलाच न्यावा लागतो. वाळूचे कण बुशात (शाफ्ट म्हणजे मोटरचा दांडा ज्यात फिरतो त्या नळीत) गेले तर शाफ्ट खातात. थरही जाड असतो, त्यामुळे बिडाच्या ओतकामातल्या बारीक रेषा बुजतात. रंगवायचंच ठरलं तर मी हल्ली पावडरऐवजी पातळ हातांचा, फवाऱ्याचा चकचकीत काळा इनॅमल सुचवतो. काम जास्त, पण रूप मूळच्या जवळ जातं.

कोटिंगचा आणखी एक परिणाम डोळ्यांना दिसत नाही, पण जिवाशी गाठ घालू शकतो. ते वीजरोधक आहे. डोकं आणि बैठक यांच्या सांध्यावर थर बसला की बैठकीला जोडलेली अर्थिंगची वायर डोक्यापर्यंत पोचतेच असं नाही. मल्टिमीटरने मोटरच्या खोळीपासून प्लगच्या अर्थ पिनपर्यंत तपासा आणि सांध्याच्या आतल्या बाजूचा थर वायसरपुरता खरवडा.

वीज: इथे निवड नाही

रंग राखा किंवा बदला, वायरी बदलाव्याच लागतात. कापडाखालचं रबर इतक्या वर्षांत बिस्किटासारखं तुटतं, विशेषतः मान फिरते तिथे. बाहेरून कापडी विणीची नवी वायर मिळते, पण ती तीन तारांची घ्या. मूळ पंख्याला दोनच पिना असतात आणि सगळं अंग धातूचं. अर्थिंगसाठी बैठकीला नवं भोक पाडू नका, आतल्या एखाद्या मूळ स्क्रूखाली ती बसते. घरात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) असावी.

पहिल्यांदा चालू करण्याआधी नावाची पाटी वाचा. कोलकात्यात डीसी पुरवठा फार काळ टिकून होता. तिकडून फिरत आलेला डीसी पंखा आपल्या २३० व्होल्ट एसीवर लावलात तर वाइंडिंग जळू शकतं. अमेरिकन पंखा असेल तर तो ११० व्होल्टचा आणि ६० हर्ट्झचा. ट्रान्सफॉर्मर लावूनही आपल्या ५० हर्ट्झवर तो सावकाश फिरतो आणि जास्त तापतो. पाटी जुळली तर ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या यंत्राने) अंग आणि वाइंडिंग यांच्यामधलं रीडिंग घ्या. १ मेगाओहमच्या खाली असेल तर चालवू नका. ओल धरली असेल तर बल्बच्या उबेत दोन दिवस ठेवून पुन्हा मोजा. मग सिरीज लॅम्प, म्हणजे वाटेत एक बल्ब, लावून पहिला फेरा. रिवाइंडिंग अगदी शेवटी.

तेलाबद्दल थोडक्यात: खोबरेल कधीच नाही, ते घट्ट होतं. गंज सोडवायचे फवारे उडून जातात आणि बुश कोरडं राहतं. आयएसओ ६८ दर्जाचं साधं तेल बुशाच्या वातीला पाजा आणि मान फिरवणाऱ्या गिअरपेटीतलं वाळलेलं ग्रीस खरवडून नवं भरा.

मग कुणी काय करावं

बैठकीवर गंजाचे फोड आलेत, रंगाखालून गंज सरकतोय, किंवा मूळ थर तुटक बेटांसारखा उरलाय, तर पुन्हा रंगवा. अपराधी वाटून घेऊ नका. सुट्या भागांतून जुळवलेला पंखा असेल तरीही हेच. चोर बाजारात असे पुष्कळ दिसतात. १९२० चा म्हणून विकलेल्या पंख्याला फुली खाचेचे स्क्रू असतील तर ते बदललेले आहेत, कारण फिलिप्स स्क्रूचं पेटंटच १९३६ चं आहे.

थोडा रंग गेलाय, बाकी ठीक आहे, अशा पंख्यासाठी मधला रस्ता मला सगळ्यात पटतो. गेलेल्या जागेचा गंज तेल आणि अगदी बारीक स्टील वूलने उचलायचा, आजूबाजूच्या मूळ रंगाला न लागता फक्त तेवढीच जागा बारीक कुंचल्याने काळ्या रंगाने भरायची, आणि वर मेण. जवळून पाहिलं तर डाग कळतो. कळू दे.

विकायचा विचार असेल तर जाणकार संग्राहक मूळ थराचेच जास्त पैसे देतात. हॉटेलात शोभेला ठेवणारं गिऱ्हाईक मात्र चमकच मागतं. आणि पाळणाघराच्या खोलीत चालवायचा असेल तर कुठलाही रंग देऊ नका, तो पंखा कपाटावर ठेवा. जुन्या जाळीच्या फटींतून मुलाचा हात सहज आत जातो.

काहीही ठरवा, सोडवण्याआधी प्रत्येक बाजूने फोटो काढा, प्रत्येक स्क्रू वेगळ्या पुडीत चिठ्ठीसकट ठेवा. आणि कारागिराकडे निघताना बिल्ला जाळीवरून काढून घरीच ठेवून जा.